नणंदेच्या न्हाणीघरातल्या वाट्या

चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या त्या बाईला सगळे भिंगवाली म्हणत. दुकान सुटलं, भिंग काही सुटलं नाही. एकदा बागेत चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून ती ओणवी झाली, तर चिखलात संत्र्याची सालं पडलेली. लोकांना शिस्त म्हणून नाही, असं पुटपुटत तिने एक उचललं, तर ते साल नव्हतंच. वाटीच्या आकाराची बुरशी होती ती. स्क्रू राहिला तिथेच, आणि भिंगवालीला रानबुरशीचं वेड लागलं ते कायमचं.

हळूहळू तिचा हात बसला. रंग ताजेपणीच टिपायचा, कारण वाळल्यावर सगळ्या वाट्या सारख्याच मळकट. वास घ्यायचा, कशावर उगवली ते बघायचं. मग शेगडीशेजारच्या उबेत सुकवून, कागदी पाकिटात घालून कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नेऊन द्यायची. तिथल्या प्राध्यापिकाबाई आधी ठिकाण वाचत. "ठिकाण नसेल तर ही नुसती वाळकी बुरशी," असं त्या म्हणत. घरी नवरा बिचारा कुठलाही डबा उघडण्याआधी विचारायचा, "हे खायचं की ठेवायचं?"

धाकटी नणंद मात्र नाक मुरडायची. तिचं घर म्हणजे आरसा. पाहुणा दारापर्यंत पोचायच्या आत त्याची उशी झटकून व्हायची. त्यामुळे एका सकाळी तिचा दबक्या आवाजात फोन आला, तेव्हा भिंगवालीला नवलच वाटलं.

"वहिनी, लगेच ये. आणि दादाला सांगू नकोस."

नणंदेने न्हाणीघरातलं कपाट पुढे ओढलं. मागे पाइप झिरपत होता आणि ओल्या भिंतीच्या कडेने फिकट तपकिरी वाट्यांनी पंगतच मांडली होती.

"कशाने घासू हे?"

"हात लावलास तर बघ," भिंगवाली गुडघ्यांवर बसत म्हणाली. "घरात उगवणारी जात आहे. मी आजवर नुसतं ऐकून होते."

"आणि पाकिटावर काय लिहिणार?"

"तुझं घर. न्हाणीघर, कपाटामागची ओली भिंत."

"म्हणजे माझी अब्रू वेशीला टांगणार. जंगल लिही की सरळ."

"जंगलात टाइल्स नसतात गं. जरा खाली वाक आणि हळूच फुंकर घाल."

नाक चिमटीत धरून नणंदेने फुंकर घातली. क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळ्या वाट्यांनी एकदम पांढऱ्या धुरासारखा बीजकणांचा झोत सोडला. ती दचकून उपड्या बादलीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.

"परत करू?"

"थांब. त्यांनाही दम खाऊ दे."

नणंद विचारात पडली. "शोधणाऱ्याचं नाव लिहितात ना? माझं लिही मग. आणि ठिकाणापुढे 'अत्यंत स्वच्छ घर' एवढं टाक."

प्राध्यापिकाबाईंनी पाकीट वाचून चष्मा वर केला. "हे शास्त्रात बसत नाही."

"ठाऊक आहे. पण मला त्या घरी जावं-यावं लागतं."

बाईंनी शेरा तसाच राहू दिला.

प्लंबरने पाइप बसवला, भिंत सुकली. थोड्याच दिवसांत नणंदेचा पुन्हा फोन आला. "वहिनी, परत नाही उगवल्या गं. थोडं पाणी ओतून बघू का?"

भिंगवालीने तिला दटावलं आणि पुढच्या रविवारी बागेत घेऊन गेली. नणंदेने हातमोजे घातले होते. झाडाखालचं प्रत्येक पान उलटण्याआधी ती ते रुमालाने पुसत होती.