चरबीची गाठ

धसईच्या दवाखान्यातले डॉक्टर गाठ तपासताना डोळे मिटून घेत. दोन बोटांत ती हळूच धरत, कडेकडेनं फिरवत, आणि दुरून येणारं काही ऐकावं तसा त्यांचा चेहरा होई. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाई करताना कधी पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकात एकदा मी आईला त्यांच्याकडे नेलं. तिच्या मानेखाली लिंबाएवढी गाठ होती. दोन वर्षं तिनं ती पदराखाली लपवली होती, आणि आपले दिवस भरले असं मनाशी धरून जेवणही निम्म्यावर आणलं होतं.

डॉक्टरांनी डोळे मिटले. बाहेरचा बाजाराचा गलबला क्षणभर लांब गेल्यासारखा वाटला.

"मऊ हाय, बोटाखालून सरकते, दुखत नाय. चरबीची गाठ हाय, मावशी. घाबरायचं नाय."

"माझं मन राखाया सांगता तुमी," आई म्हणाली.

त्यांनी बाही वर सारली आणि तिचं बोट धरून स्वतःच्या दंडावर ठेवलं. तिथंही तशीच एक गाठ होती.

"पंधरा वर्षं झाली हिला. तुमची कडक झाली, भराभर वाढाया लागली, तर मात्र लगेच यायचं."

आईनं ती गाठ चाचपली. मग तिनंही डोळे मिटले. कितीतरी वेळ तिनं बोट उचललं नाही, आणि डॉक्टरांनीही हात मागे घेतला नाही.

परतीच्या एसटीत, टोकावडे यायच्या आत, ती माझ्या खांद्याला टेकून गाढ झोपली होती.