तलावातली केबल आणि माझा हात

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, पण वीजघरापासून पलीकडच्या भातगिरणीकडे तलावाच्या तळातून गेलेली उच्च दाबाची केबल मात्र जुन्या राजवटीतलीच होती. ती टाकल्यावर कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गिरणीवाले ‘करंट लीक हो रहा है’ म्हणत रोज डोकं खाऊ लागले, तेव्हा वीजघरातल्या साहेबांनी तपासणीला मला पाठवलं. मला पोहता येत नव्हतं. नोकरी देताना तसं कुणी विचारलंही नव्हतं.

केबलचं शिशाचं कवच कुठे फाटलंय, हे त्या गढूळ पाण्यात हाताने चाचपूनच कळणार होतं. म्हणून तळाशी अडकलेली जाळी बुडी मारून सोडवणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराला, म्हणजे तलावातल्या मासेमाराला, बोलावलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून मी त्याला विजेवर व्याख्यान दिलं. त्याने ते विडी संपेपर्यंत ऐकलं.

“बिजली बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“मंग पयले तुमी उतरा. आमच्यात ज्याचं जाळं अडकते, तो पयले पान्यात उतरून जाळं धरते. मंग दुसरा बुडी मारते. केबल तुमची आहे.”

“मला पोहता येत नाही.”

“गुडघाभर पान्यात कायले पोहता?”

काठाशी केबल खरंच गुडघाभर पाण्यात होती. मी पँट दुमडली. मग उलगडून पुन्हा नीट दुमडली. सकाळी वीजघराच्या फाटकातूनच ओरडून मी ऑपरेटरला स्विच पाडायला सांगितलं होतं आणि तो आतून ‘हो गया’ म्हणाला होता. पण त्याला चहा सांगितला तरी तो आधी ‘हो गया’च म्हणायचा.

“आलोच,” म्हणून मी सायकलवर टांग मारली आणि वीजघर गाठलं.

स्विच बंदच होता. ऑपरेटरला राग आला. तरी मी स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली, परत येऊन पाण्यात उतरलो आणि डोळे मिटून ती शेवाळलेली केबल दोन्ही हातांनी धरली. काही झालं नाही. मला भलताच अभिमान वाटला.

“झालं समाधान?” मी विचारलं.

“झालं,” लंगोट आवळत तो म्हणाला. “तुमचा हात लागनार होता तवा पाहून आले. मी उतरनार होतो, तवा काऊन नाही गेले?”

मला लाज वाटली. दम भरून त्याने बुडी मारली.

तो वर येईपर्यंत मी केबल सोडली नाही.