ओव्याचा वास

जठारपेठेत दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा एक माणूस बोलताना समोरच्याच्या नाकाकडेच बघतो. तान्ह्या बाळांना न रडवता भूल देणारा मास्क करायचा, हा त्याचा ध्यास. कंपन्यांचे मास्क पाहून तो म्हणतो, "बनवनाऱ्याले मिशा, घेनाऱ्याले टक्कल. लेकराले कोनी इचारलं का?"

माझ्या सात महिन्यांच्या नातीच्या ओठाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं. मास्क दिसताच ती श्वास कोंडेपर्यंत रडायची. त्याने आपला गुलाबी मास्क माझ्या हातात ठेवला.

"सर, हिले धुरी कोन देते?"

"मीच. तिची आई नाही आता."

तो म्हणाला, "मंग ओव्याच्या धुरीवर हा धरा अन् रोज तिच्या नाकाले लावा. घरचा वास आला का लेकरू भेत नाही."

आठ दिवसांनी ऑपरेशनच्या वेळी तोच मास्क लावून नात शांत झोपली. आम्ही दोघं बाहेर उभे होतो. डॉक्टर येऊन म्हणाले, "पाहिलंत? गुलाबी रंगाचा परिणाम!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझी बाही ओढली. "बोलू नका सर. रंग म्हनला का मंजूर होते, ओवा म्हनला का समिती बसते."