चोरून घेतलेला श्वास

गेल्या वर्षी माझं तोंड अधूनमधून लालबुंद व्हायला लागलं. वसईतल्या ख्रिस्ती माणसाचं तोंड भर दुपारी लाल झालं की कारण कोणी विचारत नाही. आमच्या वटार गावी वाडीत केळींना पाणी लावत असलो की शेजारी कुंपणापलीकडून हसायचा, "आज लवकर सुरुवात?" बायकोने तर कपाटामागे, तांदळाच्या पिंपात, सगळीकडे बाटली शोधली. लग्नाकार्यातली ग्लासभर वाईन सोडली तर मी कशाला शिवत नाही. त्यामुळे ही फुकटची बदनामी मला फार झोंबली.

मग जुलाब सुरू झाले, तपासण्या झाल्या आणि लहान आतड्यात गाठ सापडली. कार्सिनॉइड, म्हणजे एक प्रकारचा कर्करोगच. ही गाठ सावकाश वाढते, असं डॉक्टर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आळशी स्वभावाला शोभेल असं काही मला झालं होतं. पण तोंडही त्या गाठीमुळेच लाल होत होतं, आणि तसं होतंय म्हणजे ती यकृतात पसरली असेल, असंही ते म्हणाले. ते एमआरआयमध्ये कळणार होतं.

विरारच्या सेंटरमध्ये गळ्यातला क्रूस बायकोच्या हातात देऊन मी आत गेलो. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "काका, मी सांगेन तेव्हा श्वास रोखून धरायचा. जमेल ना?"

मला हसूच आलं. मी तरुणपणापासून चर्चच्या गायनमंडळात गातो. "माझ्या श्वासाची काळजी तू करू नकोस," मी ऐटीत म्हणालो.

आता खरं सांगायचं तर गायनमंडळात लांब सूर कोणीच एका दमात गात नाही. शेजारचा गात असतो तेवढ्यात आपण हळूच श्वास चोरायचा आणि पुन्हा सुरात मिसळायचं. फादरना पत्ताही लागत नाही. त्या बोगद्यात, यंत्राच्या ठकठकाटात, मी सवयीने तेच केलं.

हेडफोनमधून आवाज आला, "काका, मध्ये श्वास घेतलात?"

"छे!"

"फोटो हललाय."

दुसराही हलला. मग ती जरा कडक आवाजात म्हणाली, "आता शिरेतून औषध सोडतेय. यकृतात काही असलं तर ह्याच फोटोत नीट दिसतं, आणि हा लगेच परत काढता येत नाही."

माझी चांगलीच तंतरली. इथे शेजारी गाणारं कोणी नव्हतं. डोळे घट्ट मिटले आणि इमानदारीत श्वास धरला. छाती फुटेल असं वाटलं, तरी सोडला नाही.

फोटो सुरेख आले. इतके, की त्याच दिवशी डॉक्टरांनी दाखवल्यावर यकृतातले ठिपके मलाही दिसले. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, ह्या आजारात माणसं बरीच वर्षं काढतात, असं ते सांगत होते. मी मान डोलावत होतो आणि आतून पार घाबरलो होतो.

परतताना रिक्षात बायको मला खेटून बसली होती. माझा क्रूस अजून तिच्याच मुठीत होता. तेवढ्यात माझं तोंड पुन्हा लाल झालं. तिने ते पाहिलं आणि तिला रडू आवरेना.

"त्यापेक्षा तुम्ही पीत असतात, तर किती बरं झालं असतं हो," ती म्हणाली.