भाजलेलं खोबरं कोणाचं

अंबाक्का पानात काही वाढायच्या आधी ते कोणाचं हे सांगत. "हे लोणचं तिरुविसनल्लूरच्या माझ्या आत्याचं. सांबारचा मसाला समोरच्या रुक्मिणीचा. मी नुसती ढवळणारी." पोटात भूक, समोर पान, आणि जेवणाऱ्याने आधी वंशावळ ऐकायची!

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत कुंभकोणच्या आमच्या गल्लीत हे मी कोणाला विसरू देत नसे. तमिळ मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतल्या पदार्थांचं पुस्तक काढायचं मी मनावर घेतलं आणि शेजारच्या अंबाक्कांची रसवांगी, म्हणजे खोबरं वाटून लावलेली वांग्याची आमटी, पहिल्याच पानावर घातली, त्यांच्या नावानिशी.

छापखान्यातून कच्ची पानं आली. वाचून दाखवली, तर बाई पदर खोचून उभ्या. "अगो, माझं नाव काढ. रसवांगी सासूची."

"पण सुरुवातीला त्या तुम्हाला चुलीजवळ येऊ देत नव्हत्या ना?"

"म्हणूनच म्हणते. दाराआडून पाहून शिकले. चोरून शिकलेलं माझं कसं होईल? तेही छापून? अय्यो!"

सासूबाई, म्हणजे गंगाबाई, ओट्यावर बसून असत. कान शाबूत, तोंड त्याहून शाबूत. इतकी वर्षं सुनेच्या हातचं जेवत होत्या, पण 'चांगलं झालंय' म्हणून एक शब्द निघाला नव्हता. अंबाक्का त्या एका शब्दासाठी झुरत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

मी नाव बदललं आणि गंगाबाईंना कृती वाचून दाखवली. अंबाक्का तिथेच डाळ पाखडत होत्या.

"थांब. खोबरं भाजून? मी जन्मात भाजलं नाही. कच्चंच वाटायची. हे माझ्या नावावर खपवू नकोस."

"मग भाजायचं कोणाचं?"

"हिचं. दुसऱ्या कोणाला सुचणार?" मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "लागतं मात्र त्यानेच बरं. तसं लिही."

अंबाक्कांनी मान वर केली नाही. सूप मात्र हातात तसंच राहिलं.

पुस्तक दोघींच्या नावांनी निघालं: रसवांगी एकीची, भाजलेलं खोबरं दुसरीचं. अंबाक्कांनी ते पान पाहिलंही नाही. त्यांना साक्षीदार हवा होता. "तू ऐकलंस ना? शिकलेली आहेस, शब्दाला शब्द सांग." मी सांगे. पुन्हा सांगे.

पुढे मला मद्रासला नोकरी लागली. निरोपाला त्या स्टेशनवर आल्या. गाडी हलली, तशा खिडकीबरोबर चालू लागल्या. "अगो, नुसतं बरं म्हणाली, की फार बरं?"

"फार बरं!" मी ओरडून सांगितलं.

त्यातलं 'फार' माझं.