चौतीस वर्षं नुसता ऐकलेला धबधबा

परवाच्या रविवारी ग्वाल्हेरहून शिवपुरी रोडच्या जंगलात गेलो होतो. घडलं ते आधी क्रमाने लिहिते...

१. सकाळी ६:४०ला जयेंद्रगंजहून दोन गाड्या निघाल्या. माणसं नऊ.
२. ८:२५ला जंगलातल्या चबुतऱ्यापाशी पोहोचलो. तिथून धबधबे दोन. पहिला १.१ किलोमीटर, दुसरा त्याच्यापुढे ४०० मीटर. वाट सोपी.
३. ९:२०ला कंडे पेटवले.
४. १०:०५ला मी काकूला एक प्रश्न विचारला.
५. १२:१०ला सगळ्या बाट्या जळालेल्या होत्या.

आता सविस्तर.

श्रावणात आमच्याकडे गोठ असते. म्हणजे सगळ्यांनी पाण्याजवळ जंगलात जायचं, कंड्यांच्या म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेच्या बाट्या भाजायच्या, दाल-बाटी खाऊन संध्याकाळी घरी. रीत मूळची इकडची, पण ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी ती कधीच आपली करून टाकली आहे.

आमची जागाही ठरलेली. मे महिन्यात तिथली करधईची झाडं मेल्यासारखी दिसतात आणि आता... आता एवढं हिरवं होतं की गाडीतून उतरले आणि दार लावायचंच विसरले.

बाकीचे पुढे निघाले. काका बुटाची लेस बांधत होते, काकू निखारे सारखे करत होती. मी व्हिडिओ काढणार होते, म्हणून सहज विचारलं, "काकू, दोन्हींतला मोठा धबधबा कुठला गं?"

"पलीकडचा असेल. आवाज तर त्याचाच जास्त येतो."

आवाज? मी विचारलं, म्हणजे तू पाहिला नाहीस?

"मी इथेच असते ना. मन तर खूप होतं, पण बाटी कोण बघेल?"

काकू लग्न होऊन सागरहून ग्वाल्हेरला आली त्याला चौतीस वर्षं झाली. मधली दोन सोडली तर दर श्रावणात ती इथे आली आहे. चबुतऱ्यापर्यंत.

काका म्हणाले, "अगं, तिला चालायचा कंटाळा आहे."

"अहो, मला विचारलं कधी तुम्ही?" काकूने मान वर न करता म्हटलं.

मी मालनपूरच्या एका फॅक्टरीत मेंटेनन्स बघते. कुठेही गेलं तरी माणसं मोजायची सवय आहे, गोठीच्या याद्याही मीच करते. तिथेच फोन उघडला. मागच्या तिन्ही वर्षांच्या यादीत एक ओळ सारखी होती... 'बेस – काकू', म्हणजे निखाऱ्यापाशी थांबणार काकू. माझ्या हातची.

काकांना म्हटलं, बूट काढा. आज बेसवर तुम्ही.

"मला बाटी जमत नाही."

"काका, तुम्ही आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर सांभाळलेत."

"ट्रान्सफॉर्मर उलटावा लागत नाही."

त्यांच्या फोनवर दर पाच मिनिटांचा अलार्म लावून दिला. वाजला की प्रत्येक बाटी एकदा उलटायची, बस. काकू उठली, पदर खोचला आणि मी बाटली भरेपर्यंत वीस पावलं पुढे गेलीसुद्धा.

पायात साध्या रबरी चपला. लाल दगडाच्या ओल्या फरश्यांवर मी बूट घालून घसरत होते, ती नाही. मध्ये एकदा थांबली, पण दमली म्हणून नाही... मोराचं पीस उचलायला.

पहिला धबधबा आला. फोटो काढू या म्हटलं, तर ती झाडांच्या पलीकडे कान देऊन उभी. "हा नव्हे. तो पुढे आहे." मॅप बघायची गरजच पडली नाही.

आणि मग दुसरा...

उंची मी मोजली नाही. ज्यांना माझी सवय माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल. पाणी सरळ खाली येत होतं, तुषार आमच्यापर्यंत, चष्म्यातून काही दिसेना. घरचे सगळे तिथेच होते. काकूला बघताच सरकून त्यांनी सगळ्यात पुढचा दगड तिला दिला.

ती पाण्यात पाय सोडून बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढ्या उंचावरून पडतं होय. मला वाटायचं रुंद असेल."

पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं होतं. पन्नास थांबलो. मध्ये दोनदा मी उठले, दोनदा तिने हाताला धरून परत बसवलं. आत्तापर्यंत एवढी मजा मला कुठल्याही ट्रिपला आली नव्हती, लांबच्या, महागड्या ट्रिपा धरून...

परत आलो तर काका घामाघूम. बाट्या बाहेरून कोळसा. त्यांनी एकही अलार्म चुकवला नव्हता. दर पाच मिनिटांनी उलटा, हे मी सांगितलं होतं... काढायच्या कधी, ते सांगितलंच नव्हतं. तिथे नेटवर्क नाही, त्यामुळे बिचारे विचारणार कोणाला? चूक सरळसरळ माझी.

"थोड्या लागल्यात," काका म्हणाले.

"थोड्या?" काकू म्हणाली. मग पहिल्याच पंगतीला बसली, एक बाटी फोडली, काळं खरवडून टाकलं आणि डाळ मागून घेतली. वाढायला काका.

गाडीत तिने जाहीर केलं की येत्या रविवारी परत जायचं. चूल नाही, पोळी-भाजीचे डबे घरून. यादी मी केली आहे आणि त्यात बेस हा शब्द नाही.

गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. तुमच्या घरच्या गोठीत जी चुलीपाशी थांबते, तिच्यासाठी त्या ठेवल्या आहेत. तिच्या वतीने 'तिला नाही आवडत' असं परस्पर लिहू नका, तिलाच विचारा. ती येते आहे की नाही, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथे कळवा.