डाव्या डोळ्यासाठी हेडसेट

माझा डावा डोळा लहानपणापासून किंचित तिरळा आणि आळशी. त्याला दिसतं, पण मेंदू त्याचं फारसं ऐकत नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. मी उजव्या डोळ्यावरच निभावून नेत आले, पण एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. चहा ओतताना किटली कपाच्या काठाला टेकवते. मोटारसायकल किती लांब आहे, ते आवाजावरून ठरवते.

अंबडच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवते, तिथे डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट घ्यायचं ठरलं. ज्वालामुखी, समुद्राचा तळ वर्गातच दाखवता येईल, ही कल्पना विज्ञानाच्या सरांची. सर धनगराच्या घरातले, बोलणं अजून गावाकडचं. "मॅडम, तुम्ही बी चला. चष्मेवाल्यांना कोणता बराबर बसतो ते तुम्हीच सांगू शकता," ते म्हणाले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही बसने नवीन जालन्यातल्या एका दुकानात गेलो.

पहिला हेडसेट हलका होता, पण त्यात माझा चष्मा नाकावर रुतला आणि चित्राची दोन चित्रं झाली. मी तो काढून ठेवला.

"सर, माझ्यावर जाऊ नका. माझा डोळाच तसा आहे. तुम्हीच ठरवा."

दुकानदार ऐकेना. त्याने दुसरा, जरा जड हेडसेट माझ्या डोळ्यांवर चढवला. "ताई, अशी जल्दी नका करू. ह्याच्यात भिंगं सरकवता येतात. मी चाक फिरवतो, दोन्ही चित्रं एक झाली की सांगा."

तो हळूहळू चाक फिरवत राहिला आणि चित्रं एकमेकांवर सरकली. मी पाण्याखाली होते. समोरून एक मासा आला. नुसता मोठा होत गेला नाही, खरोखर जवळ आला. त्याच्या आणि मागच्या खडकाच्या मध्ये रिकामी जागा होती. अशी जागा मी कधी पाहिलीच नव्हती. हात पुढे केला, तो सरांच्या खांद्यावर आदळला.

"काय करून राह्यल्या, मॅडम?"

"मासा पुढे आहे, सर. आणि खडक मागे आहे."

"मंग? तसंच असतं की."

"तुम्हाला रोज असं दिसतं? सगळंच?"

मी हेडसेट काढला तेव्हा ते एक डोळा मिटून पेनाला टोपण लावायचा प्रयत्न करत होते. दोनदा हुकले. "आयला," ते म्हणाले, "ध्यानातच आलं न्हाई कधी."

तोच हेडसेट आम्ही घेतला. तो जड आहे, पट्टा कपाळावर वळ उठवतो, पण चष्म्यावर नीट बसतो.

नंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. या वयात फार आशा धरू नका, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहणं थोडं शिल्लक असावं, असं म्हणून त्यांनी व्यायाम दिले. ते मी रोज करते. सर मधल्या सुट्टीत विचारतात, "आज काय दिसलं?" बहुतेक वेळा सांगण्यासारखं काहीच नसतं. मागच्या आठवड्यात मात्र आवारातल्या शेवग्याच्या शेंगा क्षणभर मागच्या भिंतीपासून सुटून हवेत लोंबल्या. मी जिथल्या तिथे थांबले. पुन्हा दिसतंय का बघत होते, तेवढ्यात घंटा झाली.